माळ राहू द्या, ताट वाढा

पत्र:

ताई, आम्ही फलटण तालुक्यातले. माझे सासरे अण्णा, वय ६३. पंचवीस वर्षं गळ्यात तुळशीची माळ आहे. दारूचा थेंब नाही, अंडं-मटण नाही. बारा वर्षं साखर आहे. दिवाळीनंतर पोट फुगलं, पाय सुजले आणि तपासणीत लिव्हर सिरॉसिस (यकृत निबर होण्याचा आजार) निघाला. लघवीच्या गोळ्या चालू आहेत. जानेवारीत एकदा रात्रभर जागे राहिले, सकाळी मला ओळखेनात, काहीबाही बोलत होते. चार दिवस ॲडमिट होते. घरी सोडताना कुणीतरी सांगितलं की डाळी-कडधान्यं बंद, ती डोक्यात चढतात. तेव्हापासून सासूबाईंनी काविळीचं पथ्य धरलंय. हळद नाही, तेल नाही. भाताची पेज, साळीच्या लाह्या, ताक आणि सैंधव मीठ. शेजारच्या काकूंनी गुळवेलीचा काढा दिला, तोही चालू आहे. संध्याकाळी सातला पेज पितात, सकाळी कोरा चहा आणि दहाला लाह्या. काटा ५८ किलो दाखवतो, पण हात-पाय काटक्यांसारखे झालेत. मिस्टर म्हणतात, अण्णांनी माळ उतरवून अंडी खायला पाहिजेत, नाहीतर रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन वाढणार नाही. अण्णा म्हणतात, मरण आलं तरी चालेल, माळ उतरणार नाही. त्यात आषाढी जवळ आली, एकादशी ते सोडणार नाहीत. स्वयंपाक मी करते. मी नेमकं काय शिजवू?

उत्तर:

तुमच्या पत्रातली शेवटची ओळ मला सगळ्यात आवडली. घरात तिघांची तीन मतं आहेत, पण उद्या सकाळी चुलीवर काय चढणार ते तुम्हालाच ठरवायचंय. म्हणून सरळ सांगते. अण्णांची उपासमार चालली आहे, आणि ती प्रेमापोटी चालली आहे. माळ उतरवायची काही गरज नाही. ताट मात्र वाढवायला हवं, आणि सगळ्यात आधी रात्रीचं.

संध्याकाळी सातची पेज आणि सकाळी दहाच्या लाह्या. मधले तास मोजा, पंधरा होतात. आपण रात्री झोपतो तेव्हा यकृत दिवसभर साठवलेली साखर थोडी थोडी रक्तात सोडत राहतं. सिरॉसिस झालेल्या यकृतात हे कोठारच आकसलेलं असतं. मग शरीर स्वतःचे स्नायू मोडून त्यातून साखर बनवायला लागतं. धडधाकट माणूस दोन-तीन दिवस उपाशी राहिला तर त्याच्या शरीरात जे होतं, ते या रुग्णांच्या शरीरात एका रात्रीत होतं. रोज रात्री. अण्णांचे हात-पाय काटक्या झाले ते नुसत्या आजाराने नाही, या पंधरा तासांनीही झाले.

म्हणून पहिला बदल आज रात्रीपासूनच करा. झोपायच्या आधी, साडेनऊ-दहाच्या सुमाराला, एक पेला दूध आणि त्यात एक ज्वारीची भाकरी कुस्करून द्या. आपला साधा काला. साधारण ५० ग्रॅम पीठाची भाकरी आणि पेलाभर दूध मिळून पंचेचाळीस-पन्नास ग्रॅम कर्बोदकं पोटात जातात. या आजारात रात्रीच्या खाण्यासाठी जेवढी सांगतात तेवढीच. साखर असताना रात्री भाकरी कशी द्यायची, असा प्रश्न तुम्हाला पडेल. द्यायची. गूळ-साखर न घालता द्यायची. सिरॉसिसमध्ये रात्री साखर वाढण्याइतकीच ती अचानक उतरण्याचीही धास्ती असते. फक्त हा काला सुरू केल्याचं साखरेच्या डॉक्टरांना कळवा, म्हणजे ते गोळ्यांच्या किंवा इन्शुलिनच्या मात्रेकडे पुन्हा बघतील. आणि सकाळी उठल्या उठल्या कोऱ्या चहाबरोबर काहीतरी चावायला द्या, मूठभर फुटाणे चालतील. दिवसा तीन-चार तासांपेक्षा जास्त वेळ पोट रिकामं राहू देऊ नका.

आता डाळी डोक्यात चढतात, त्याबद्दल. ज्यांनी सांगितलं त्यांच्यावर रागावू नका, कारण हे मी स्वतःही लिहून देत असे. १९९६ साली मी एका रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून नवी लागले होते. यकृताचा रुग्ण गुंगीत गेला, जानेवारीत अण्णांचं झालं तसं, की त्याच्या कागदावर मी 'प्रथिने २० ग्रॅम' असं लिहायचे. आम्हाला तसंच शिकवलं होतं. वीस ग्रॅम म्हणजे दोन वाट्या डाळ आणि दोन पोळ्या, की संपलं. ती माणसं माझ्या डोळ्यांसमोर वाळत गेली. ते आजारामुळेच होतंय, असं मी समजत होते.

या भीतीचं मूळ रशियात आहे. १८७७ मध्ये निकोलाय एक (Eck) या रशियन शल्यचिकित्सकाने कुत्र्यांवर एक शस्त्रक्रिया केली. आतड्यांकडून येणारं रक्त यकृताला वळसा घालून थेट पुढे जाईल अशी ती जोडणी होती. १८९३ मध्ये पावलॉव्हच्या प्रयोगशाळेत (हो, तोच घंटा आणि लाळेवाला पावलॉव्ह) असं दिसलं की या कुत्र्यांना मांस दिलं की ती झोकांड्या खातात, भ्रमिष्टासारखी वागतात. प्रथिनांपासून अमोनिया बनतो, तो यकृताने गाळला नाही की मेंदूवर परिणाम होतो, हे खरंच आहे. पण त्यावरून माणसांची डाळच बंद करणं ही पुढची उडी होती. २००४ मध्ये बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी एक छोटा पण मोलाचा अभ्यास प्रसिद्ध केला. गुंगीत गेलेल्या रुग्णांपैकी काहींना कमी प्रथिनं दिली, काहींना नेहमीइतकी. शुद्धीवर येण्यात दोन्ही गटांत फरक पडला नाही. कमी प्रथिनं मिळालेल्यांचे स्नायू मात्र जास्त झिजत होते. आता यकृततज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात की गुंगी येऊन गेली म्हणून प्रथिनं कमी करू नयेत.

यातली गंमत अशी की यकृत थकलं की अमोनिया गाळायचं बरंचसं काम स्नायू करतात. म्हणजे डाळ बंद करून अण्णांचे दंड-मांड्या झिजवल्या, तर पुढच्या वेळी गुंगी यायला आपणच वाट करून देतो.

मग किती द्यायचं? दर किलो वजनाला रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं. पण काट्यावरचे ५८ किलो धरायचे नाहीत, त्यात पोटातलं आणि पायातलं पाणी आहे. ते वजा करून मी अंदाजाने ५२ धरते, तुमचे डॉक्टर थोडं इकडेतिकडे करतील. म्हणजे दिवसाला ६२ ते ७८ ग्रॅम. मिस्टरांना वाटतं हे अंड्यांशिवाय जमायचं नाही. त्यांना शेजारी बसवा आणि माझ्याबरोबर बेरीज करायला सांगा. दिवसभरात दोन पेले दूध (त्यातला एक रात्रीच्या काल्यात जातोच) १३ ग्रॅम. वाटीभर दही ५. घट्ट वरणाच्या दोन वाट्या १४. मोड आलेल्या मुगाची किंवा मटकीची वाटीभर उसळ ८. भाकरी-पोळ्या मिळून तीन, त्यांचे १२. घरी दूध फाडून केलेलं ५० ग्रॅम पनीर ९. सकाळचे मूठभर फुटाणे ६. झाले ६७. माळ गळ्यातच आहे.

उलट मला तर बरंच वाटलं की अण्णा माळकरी आहेत. ज्यांना एकदा गुंगी येऊन गेली आहे त्यांना डाळी, कडधान्यं आणि दुधाची प्रथिनं मटणापेक्षा चांगली सोसतात. डाळी-भाज्यांतल्या चोथ्याने पोटही साफ राहतं. मांसाहारी घरातून अशी पत्रं येतात तेव्हा मला लोकांना डाळीकडे वळवायला दोन परिच्छेद खर्च करावे लागतात.

अल्ब्युमिनबद्दलही मिस्टरांना एक गोष्ट सांगा. ते अंड्यातून रक्तात जात नाही. ते यकृत बनवतं. कारखाना मंदावला आहे म्हणून रिपोर्टमधला आकडा खाली आहे. अण्णांनी रोज सहा अंडी खाल्ली तरी तो आकडा महिन्याभरात वर जाईल असं नाही. त्या आकड्यासाठी घरात भांडण नको. त्यापेक्षा अण्णा हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठतात का, दर पंधरा दिवसांनी सलग किती वेळा उठता येतं, ते वहीत लिहा. खाल्लेलं अंगी लागतंय की नाही, ते त्यातून कळेल. आणि रोज अंगणात दोन-चार फेऱ्या मारू द्या, नुसतं खाऊन स्नायू भरत नाहीत.

सासूबाईंचं पथ्य. काविळीच्या साथीत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले. डोळे पिवळे म्हणून हळद बंद, यकृत बिघडलं म्हणून तेल-तूप बंद, मग लाह्या आणि उसाचा रस. साध्या काविळीत तरणी माणसं बहुतेकदा आपोआपच बरी होतात, श्रेय पथ्याला जातं. तीन आठवडे पेजेवर काढून धट्टाकट्टा पोरगा पुन्हा उभा राहतो. अण्णांचा आजार तीन आठवड्यांचा नाही. फोडणीत चिमूटभर हळद खुशाल घाला. हळदीच्या कॅप्सूल मात्र नकोत, त्यांनी यकृताला इजा झाल्याची उदाहरणं आहेत. तेल-तूप मिळून दिवसाला चार-पाच चमचे चालेल, लागेलच. दिवसाला पंधराशे ते अठराशे कॅलरी पोटात जायला हव्यात आणि त्या पेजेतून जाणं शक्य नाही. पोटातल्या पाण्यामुळे दोन घासांत पोट भरल्यासारखं होतं, म्हणून जे देऊ ते घट्ट असू दे. पातळ ताकाऐवजी दही, पेजेऐवजी तूप घातलेली मुगाची खिचडी.

गुळवेलीचा काढा आजच बंद करा. मी आयुर्वेदाच्या विरोधात नाही, माझ्या घरात सुंठ-ओव्याचा डबा कायम असतो. पण २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली, वाद झाला. पुढे देशातल्या इतर केंद्रांतूनही अशा नोंदी आल्या. वाद मिटेल तेव्हा मिटेल. ज्याचं यकृत आधीच काठावर आहे त्याच्यावर प्रयोग कशाला? काकूंना सांगा, डॉक्टरांनी बंद करायला लावला. तेच औषधांच्या दुकानातल्या अंगदुखीच्या गोळ्यांचं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही द्यायची नाही.

मीठ. खरं पथ्य हे आहे, आणि नेमकं इथेच घरात गोंधळ आहे. सैंधव म्हणजेही सोडियमच. रंग गुलाबी, दगड हिमालयाजवळचा, पाणी साठवायचं काम मात्र तेच. दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅम, म्हणजे एक सपाट छोटा चमचा मीठ. मी सगळ्यांना एक युक्ती सांगते. सकाळी अण्णांसाठी तेवढं मीठ एका झाकणीत काढून ठेवा. दिवसभर त्यांच्या ताटात जे मीठ जाईल ते त्यातूनच. भात अळणी, भाकरी अळणी, वरण घरच्यांचं वाढून घेण्याआधी त्यांची वाटी बाजूला काढा आणि झाकणीतलं मीठ वरून घाला. वरून भुरभुरलेलं मीठ जिभेला जास्त लागतं, कमी मिठात भागतं. लिंबू, आमचूर, चिंच, लसूण, जिऱ्याची पूड मोकळ्या हाताने वापरा. आमसुलं मीठ लावून वाळवलेली असतील तर टाळा.

लोणचं बंद, पापड बंद. पापडात मीठ असतंच, वर पापडखार, तोही सोडियमच. खारी, टोस्ट, ब्रेड, फरसाण, पाकिटातलं सूप, दुकानातली चटणी, सांडगी मिरची, कुरडया, सगळं त्याच रांगेत. पण मीठ कमी केल्यामुळे ताटच तसंच परत येत असेल तर थोडं सैल सोडा. अळणी म्हणून उपाशी राहण्यापेक्षा चिमूटभर मीठ जास्त घालून पोटभर जेवलेलं बरं, मग गोळ्यांची मात्रा डॉक्टर बघतील. एक मात्र कटाक्षाने पाळा. 'लो सोडियम' म्हणून मिळणारं मीठ घरात आणू नका. त्यात पोटॅशियम असतं. पोटातलं पाणी कमी करायला बहुतेक वेळा स्पायरोनोलॅक्टोन देतात, ती गोळी शरीरात पोटॅशियम अडवून धरते. दोन्ही मिळून पोटॅशियम इतकं वाढू शकतं की हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणूनच रोज नारळपाणीही नको, आधी रक्तातला पोटॅशियमचा आकडा विचारून घ्या. आणि पाणी पिण्यावर तुम्ही मनाने बंधन घालू नका. रक्तातलं सोडियम बरंच खाली गेलं तरच ते लागतं, आणि ते डॉक्टर सांगतात.

जानेवारीत घरी सोडताना गोड, पातळ औषध दिलं असेल, लॅक्ट्युलोज. पत्रात त्याचा उल्लेख नाही म्हणून विचारते. बऱ्याच घरांत ते 'जुलाब होतात' म्हणून परस्पर थांबवतात. ते जुलाबासाठीच असतं. दिवसाला दोन-तीन वेळा मऊ साफ व्हायला हवं. गुंगी बहुतेकदा बद्धकोष्ठाने, जंतुसंसर्गाने, उलटी-जुलाबात शरीरातलं पाणी गेल्याने येते. डाळ बिचारी उगाच बदनाम आहे. औषध गोड आहे म्हणून साखर वाढेल अशी भीती नको, ते आतड्यातून रक्तात जवळपास शोषलं जात नाही.

एकादशी. तुमच्या घरात यावरून वादळ होणार हे दिसतंय, म्हणून आधी अण्णांच्या बाजूने बोलते. एकादशीला दूध, दही, शेंगदाणे, राजगिरा, भगर, फळं चालतात. म्हणजे एकादशी राहील, उपाशीपण जाईल. धोका दोनच गोष्टींत आहे. दशमीला एकभुक्त राहून, मग एकादशीला नुसतं पाणी-चहावर काढून थेट द्वादशीला पारणं, असा छत्तीस तासांहून मोठा खंड या वर्षी नाही. आणि साबुदाणा-बटाटा-वेफर्स हा तर नाहीच, त्यात पिठूळपणा आणि मीठ सोडून काही नसतं. सकाळी दुधात राजगिऱ्याच्या लाह्या, दुपारी भगर आणि शेंगदाण्याची दाट आमटी, त्यावर दही. मधल्या वेळी एखादं पेरू किंवा सफरचंद, मूठभर भाजलेले शेंगदाणे. शेंगदाणे निवडून घ्या, काळपट, खवट, बुरशी लागलेला एकही नको, ती बुरशी यकृताचीच वैरी आहे. संध्याकाळी राजगिऱ्याचं थालीपीठ आणि रात्री झोपताना तेच थालीपीठ दुधात कुस्करून. द्वादशीला पारणं पहाटेच. अण्णांना विचारा, यातलं काही शास्त्राबाहेर आहे का. मला वाटत नाही ते हो म्हणतील.

आणि वारी? आळंदीपासून पायी नको. पण तुमचं नशीब असं की माउलींची पालखी तुमच्याच वाटेने येते. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड. फलटणच्या मुक्कामाला गाडीने न्या, पायांवर डोकं ठेवू द्या, तासाभरात परत आणा. पंगतीत बसवू नका, तिथल्या आमटीतलं मीठ आपल्या हातात नसतं. डबा बरोबर असू द्या.

या वेळी मात्र थांबू नका, थेट दवाखाना गाठा: रात्री जागे आणि दिवसा झोपाळलेले, सही वेडीवाकडी यायला लागली, ताप, पोटात दुखणं, काळी डांबरासारखी शी, रक्ताची उलटी. गुंगीत असताना तोंडाने काही भरवू नका, ठसका लागून श्वासनळीत जातं. वजन रोज सकाळी शौचाहून आल्यावर, चहाच्या आधी घ्या. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते अन्न नाही, पाणी आहे. फोन करा.

गावात लोक 'पीत असणार' म्हणतात, हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण म्हणत असणार. साखर आणि यकृतात साठलेली चरबी, या दोघांनी दारूशिवायही सिरॉसिस होतो. आता मिस्टरांचं पोट कसं आहे, जरा बघा. साखर घराण्यात आहे, त्यांचीही सोनोग्राफी आणि साखर तपासून घ्या. त्यांच्या यकृतात चरबी निघाली तर त्यांचं ताट अण्णांच्या उलट लागेल: रात्रीचं खाणं बंद, वजन सात ते दहा टक्के खाली. एका घरात दोन ताटं करायची तयारी ठेवा. अंड्यांची चर्चा तेव्हा त्यांच्यापुरती करू.

राहिल्या सासूबाई. त्यांना 'तुमचं पथ्य चुकलं' असं कुणी म्हणू नका. पाच महिने त्यांनी नवऱ्यासाठी पेज रांधली आहे, बहुतेक स्वतःही तीच खाल्ली असेल. रात्रीचा काला त्यांच्याकडे सोपवा. म्हणा, डॉक्टरांनी सांगितलंय की दहाच्या आत दूध-भाकरी पोटात गेलीच पाहिजे, आणि अण्णा माझं ऐकत नाहीत, तुमचंच ऐकतात. भाकरी संध्याकाळच्या थापीतलीच एक झाकून ठेवा.